माझे वडील कसे गेले

माझे वडील गेल्याची बातमी त्यांना स्वतःलाच सगळ्यांच्या आधी कळली. गुरुवारी, दुपारच्या टपालाने. पाकीट माझ्या नावाचं होतं, पण आमच्याकडे टपाल तेच फोडतात, कारण दिवसभर घरी तेच असतात आणि माझ्या नावाने येणाऱ्या कागदांत बघण्यासारखं कधी काही नसतंच. मी साडेसहाला कामावरून आलो, दारात एका पायावर उभा राहून बूट काढतोय, तर ते टेबलापाशी बसलेले आणि समोर एक पांढरं कार्ड. कडेला राखाडी पट्टी. "हे तुझं आलंय," ते म्हणाले. "चुकून फोडलं." मी तसाच एका बुटात जाऊन ते उचललं. आपल्या प्रिय वडिलांच्या निधनाने आपल्यावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सारे सहभागी आहोत. खाली अकरा सह्या, म्हणजे मी सोडून सेमिनरीतला आमचा सगळा वर्ग. आणि त्याखाली उपदेशाच्या सरांचं तिरकं अक्षर: येत्या शनिवारी सकाळच्या उपासनेत आपण त्यांची आठवण करून प्रार्थना करू, घरच्यांना जरूर घेऊन या. मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा नुसती अक्षरं दिसली. वडील म्हणाले, "चहा घेणार का?" मी म्हणालो, "घेईन." त्यांनी चहा केला, कप त्या कार्डाशेजारी ठेवला, बशी सरळ केली आणि आत जाऊन रेडिओ लावला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मी खरोखर खाली फरशीकडे बघितलं.

माझं वय त्रेचाळीस. नोकरी म्हणाल तर मी पाण्याची मीटरं तपासतो. घराघरांतून काढून आणलेली मीटरं एका लांब ओट्यावर ओळीने जोडायची, त्यातून पाणी सोडायचं, पलीकडच्या टाकीत किती पडलं ते मोजायचं, आणि मीटर काय म्हणतंय ते त्याशेजारी लिहायचं. तेवीस वर्षं मी हे लिहितोय. हे पुरेसं नव्हतं म्हणून की काय, पाच वर्षांपूर्वी मी सेमिनरीत नाव घातलं. पाळक होण्यासाठी. सहा वर्षांचा अर्धवेळ अभ्यासक्रम. अर्धवेळ हा शब्द ज्याने शोधला त्याला मला एकदा भेटायचंय. पहाटे पाच ते सात स्वयंपाकघरातल्या टेबलावर ग्रीक, मग बायकोचा डबा, माझा डबा, लेकीची वेणी, मग बस, मीटरं, बस, बाबांची औषधं, निबंध, आणि शनिवार पूर्ण सेमिनरीत. रविवारी चर्च, तिथे लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे. बायको इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर काम करते, तिचे आठ तास उभ्याने जातात. या सगळ्यात देव कुठे बसतो, असं मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, दाटीवाटीने बसतो. गंमत म्हणजे मी गेलो होतो तो देवासाठीच. तेव्हा मी बसमध्ये उभ्या उभ्या प्रार्थना करायचो. नुसती. काही मागायचं नसायचं, बोलावंसं वाटायचं म्हणून. आता तोंड उघडलं की आधी स्तुती, मग कबुली, मग आभार, मग विनंती, असे चार खाने उघडतात आणि मी ते भरत जातो. भरून झालं की बरं वाटतं, फॉर्म भरून दिल्यावर वाटतं तसं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कुणाला सांगणार? वर्गातले बाकीचे कसे ताजेतवाने दिसतात. का कुणास ठाऊक, मला वाटतं मीच तेवढा आतून पेंगतोय.

आणि उपदेशाचा तास. तिथे प्रत्येकाने आळीपाळीने पुढे उभं राहून बारा मिनिटांचा उपदेश करायचा, बाकीच्यांनी चर्चला आलेली मंडळी व्हायचं, आणि सर शेवटच्या रांगेत एक छापील कागद घेऊन बसायचे. कागदावर चौकोन: सुरुवात, वचनाचा अर्थ, उदाहरण, आवाहन, आवाज. माझं सगळं ठीक यायचं, उदाहरणात मी मार खायचो. एकदा मी मीटरांचं उदाहरण दिलं तर दोघांना झोप लागली. सर चांगले आहेत, मऊ बोलतात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर असतं हो. पण त्यात माणूस कुठंय? तुम्ही कुठं आहात? स्वतःच्या घरातलं काहीतरी सांगा." आता स्वतःच्या घरातलं काय सांगणार? घरात मी असतो कुठे? विषय होता मरणाची भीती. मी आठवडाभर डोकं खाजवलं, आणि शुक्रवारी बसमध्ये, डबा मांडीवर ठेवून, मला हिवाळ्यातलं इस्पितळ आठवलं. बाबांना न्यूमोनिया झाला होता. नऊ दिवस. अर्धी रजा टाकून संध्याकाळी चार ते आठ मी त्यांच्या खाटेशी बसायचो, आणि जाताना ग्रीक शब्दांची कार्डं न्यायचो, कारण सोमवारी परीक्षा होती. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. त्यांच्या पांघरुणावर, गुडघ्यांच्या खळग्यात, मी पाठ झालेल्या कार्डांचा ढीग रचायचो. ते ऑक्सिजनचा मास्क लावून छताकडे बघत असायचे. आमच्यात बोलणं असं काही झालंच नाही. आमच्यात तसंही होत नाही. आई गेली तेव्हा आलेला पाळक प्रार्थना करता करता मनगटावरचं घड्याळ बघत होता, ते बाबांनी पाहिलं आणि त्यानंतर चर्चची पायरी चढले नाहीत. मी सेमिनरीत जातो म्हटल्यावर एवढंच म्हणाले, "तुझी नोकरी सुटणार नाही ना?" चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. अडकलेल्या लोकांना बाहेर काढणं आणि मग हात पुसत निघून जाणं, एवढाच त्यांचा लोकांशी संबंध.

तर बसमध्ये मी लिहायला घेतलं की इस्पितळात एका संध्याकाळी बाबांनी मास्क बाजूला केला. इथवर काय, माणूस मास्क बाजूला करतोच. मग मी लिहिलं की ते म्हणाले, माझ्यासाठी प्रार्थना कर. मग लिहिलं की मी त्यांचा हात हातात घेतला आणि प्रार्थना केली. मग लिहिलं की ते म्हणाले, आता मला भीती वाटत नाही. आणि आता इथून बरे होऊन घरी आले, चौथ्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले, असं थोडंच लिहिता येतं? उदाहरण एकदा त्या वळणाला लागलं की ते थांबवता येत नाही. शेवटच्या थांब्याआधी माझे वडील शांतपणे गेले होते. दुसऱ्या दिवशी मी ते सांगितलं तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. दुसऱ्या रांगेतली शिवणकाम करणारी बाई रुमाल तोंडाशी धरून रडली. सरांनी कागदावरचे सगळे चौकोन पूर्ण भरले आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून माझ्या दुःखासाठी प्रार्थना केली. तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं: सर, ते उदाहरण होतं. पण खांद्यावर हात होता. कितीतरी दिवसांत कुणी माझ्या खांद्यावर असा हात ठेवला नव्हता आणि मी इतका दमलो होतो की मी मान खाली घालून तो हात तिथे राहू दिला. खरं सांगतो, मला रडूसुद्धा आलं.

गुरुवारी जेवताना बायकोने कार्ड वाचलं. "हे काय आहे?" मी सांगितलं. ती बराच वेळ घास हातात धरून बसली. "म्हणजे तू मारलंस त्यांना?"

"उदाहरणात."

"उदाहरणात!"

"आई, उदाहरणात म्हणजे कुठे?" आमच्या लेकीने विचारलं. तिला आम्ही वटवट म्हणतो.

"तू जेव मुकाट्यानं."

"आजोबा उदाहरणात गेले?"

आतल्या खोलीत रेडिओचा आवाज थोडा कमी झाला, आणि मग पुन्हा मोठा झाला. बायको ओरडली नाही. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "पाच वर्षं मी शनिवार एकटीनं ओढले. तुझे निबंध टाईप केले. हिच्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला तू आला नाहीस, मी म्हटलं, जाऊ दे, देवाचं काम आहे. ते हे काम?" पुढच्या आठवड्यात शिफारशीची सभा होती. सरांनी कागदावर सही केली की शेवटच्या वर्षासाठी मला एक चर्च मिळणार होतं, खरीखुरी मंडळी, आणि त्यानंतर पाळकपदाची दीक्षा. सही नाही मिळाली तर पाच वर्षं पाण्यात. हे तिलाही माहीत होतं. ताटं उचलताना ती म्हणाली, "आता शनिवारी काय करणार आहेस?" मी म्हणालो, "बघू." ती म्हणाली, "तुझं बघू मला पाठ झालंय."

शुक्रवारी दिवसभर मी ओट्याशी उभा राहून "बघू" म्हणजे काय ते बघत होतो. जुन्या मीटरांची एक ओळ लावली होती. मनात हिशेब चालला होता तो तीन मिनिटांचा. आठवण आणि प्रार्थना याला फार तर तीन मिनिटं लागतात. एकट्याने जायचं, घरच्यांना बरं नाही म्हणायचं, मान खाली घालायची, तीन मिनिटं सोसायची, की झालं. मग कोण विचारतंय? माणसं एकदा गेलेल्या माणसाची पुन्हा चौकशी करत नाहीत. आणि बाबा काय, आज ना उद्या... इथे माझाच हात नळावर थांबला. मी त्यांच्या मरणाची तारीख जुळवून घ्यायला निघालो होतो, म्हणजे खोटं आपोआप खरं होईल. मला स्वतःची शिसारी आली. कामावरचा जोडीदार पलीकडून ओरडला, "अहो पाळकसाहेब, टाकी भरून वाहतेय!" मी नळ बंद केला. बूट भिजले होते. तो हसत होता, आणि मीही हसलो, कारण दुसरं काय करायचं ते कळेना.

संध्याकाळी बाबांनी रेडिओ बंद केला आणि बाहेर येऊन बसले. "ते भाषण दाखव."

"भाषण नाही, उपदेश."

"तेच ते. मी कसा गेलो ते बघू दे."

नाही कसं म्हणणार? मी पिशवीतून पानं काढून दिली. सहा पानं. ते बोट ठेवून वाचतात, एकेका ओळीवर, पूर्वी लिफ्टच्या वायरिंगचे नकाशे वाचायचे तसे. मी समोर बसलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. चौथ्या पानावर बोट बराच वेळ थांबलं. मग पुढे सरकलं. शेवटी त्यांनी पानं जुळवून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चांगला गेलो की मी."

"बाबा, मी..."

"नाही, खरंच. एवढं धड मला जमायचं नाही. मी नर्सला शिव्या देत जाईन." ते थोडं हसले, मग खोकले. खोकला थांबेपर्यंत मी पाणी आणून दिलं. पेला हातात धरून ते म्हणाले, "एक चुकलंय तुझं. तू लिहिलंयस, मी म्हणालो प्रार्थना कर, आणि तू केलीस."

"ते मी मनानं घातलं. सॉरी."

"पहिलं मनाचं नाहीये. ते मी म्हणालो होतो."

मला कळेना. मी विचारलं, "कधी?"

"पाचव्या दिवशी. रात्रीच्या नर्सा यायच्या आधी. श्वास पुरत नव्हता, वाटलं आता काही खरं नाही. मास्क काढून म्हणालो तुला. तू म्हणालास, दहाच राहिलीत, बाबा." ते हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. बसची वेळ सांगावी तसं सांगत होते. "मग मी झोपलो. सकाळी बरं वाटलं, म्हटलं जाऊ दे."

मला तो दिवस आठवला. मास्क काढलेला आठवला नाही, आवाज आठवला नाही, मी दहाच राहिलीत म्हणालो तेही आठवलं नाही. पण शेवटची दहा कार्डं आठवली. ती मला अजून पाठ आहेत. कुठलाही शब्द विचारा, दोन्ही बाजू सांगतो. माणूस शेजारी श्वासासाठी धडपडत होता, तो माझ्याकडे मागत होता, मी ज्यासाठी पाच वर्षं मरमर मरतोय नेमकं तेच मागत होता, आणि मी त्याच्या गुडघ्यावर ढीग रचत होतो. मी म्हणालो, "पण तुम्हाला तर हे काही पटत नाही. आई गेल्यापासून..."

"पटत तर अजूनही नाही," बाबा म्हणाले. "जीव घाबरल्यावर माणूस काय पटवून घेत बसतो? तू शेजारी होतास. दुसरं होतं कोण?" आणि पेला टेबलावर ठेवून ते रेडिओकडे गेले.

शनिवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात तयार बसले होते. "घरच्यांना घेऊन या असं लिहिलंय ना त्यांनी?" बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा स्वेटर आणून दिला. वटवटीला यायचं होतं, तिला शेजारी पाठवलं. बायको घरी राहिली; बसमध्ये बाबा आणि मी शेजारी बसलो आणि वीस मिनिटं दोघेही खिडकीबाहेर बघत होतो. मी मनात वाक्यं जुळवत होतो. आधी सुरुवात, मग कबुली, मग... सवयच लागलीय. सेमिनरीचं प्रार्थनामंदिर तळमजल्यावर आहे, चाळीसेक खुर्च्या, फरशी पुसायच्या औषधाचा वास. सर दारातच उभे होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, डोळे भरून आलेले, आणि मग त्यांचं लक्ष बाबांकडे गेलं. आमची नाकं सारखी आहेत, कुणालाही कळतं. "आपण यांचे काका का?" सरांनी विचारलं.

असं तयार ताटात वाढून आलेलं खोटं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला काही बोलायचंसुद्धा नव्हतं, नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सही, चर्च, मंडळी, बायकोचे पाच वर्षांचे शनिवार, सगळं त्या एका मान हलवण्यात वाचत होतं. मी बाबांकडे बघितलं. ते गप्प होते. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी ते चालू दिलं असतं, हे मला माहीत आहे, आणि बहुधा त्यांनाही माहीत होतं, म्हणून ते गप्प होते. "हे माझे वडील," मी म्हणालो.

"म्हणजे... सासरे?"

"नाही सर. वडील. एकच आहेत."

सरांनी माझा हात सोडला. सोडला म्हणजे झिडकारला नाही, हळूच खाली ठेवला. पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. मी पुढे उभा राहिलो आणि जुळवलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली. मी म्हणालो की ते खोटं होतं, हे माझे वडील, हे जिवंत आहेत, यांनी मला खरंच प्रार्थना करायला सांगितली होती आणि मी केली नाही. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एकाने मान डोलावली, जणू हाही उपदेशच चाललाय. शिवणकाम करणारी बाई उठली. ती माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "माझे वडील मागच्या महिन्यात गेले. तुमचं ऐकल्यावर मला त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली. आता मी त्याचं काय करू?" तिने उत्तराची वाट पाहिली नाही, पिशवी घेऊन निघून गेली. हे मी कधी विसरणार नाही. सर आमच्यामागे बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "शिफारशीवर मला सही करता येणार नाही. यंदा तरी नाही." मी "हो सर" म्हणालो. त्यांनी बाबांना नमस्कार केला, बाबांनीही केला, आणि दार बंद झालं.

बसथांब्यावर एक बाक आहे. बाबांना धाप लागली होती म्हणून आम्ही एक बस जाऊ दिली. शनिवारच्या सकाळी मी सेमिनरीबाहेर असा कधी बसलो नव्हतो. बायकोला काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं. रडू येत नव्हतं, सुटल्यासारखंही वाटत नव्हतं, अंग नुसतं जड झालं होतं. माणसं येत होती, जात होती. बाबा म्हणाले, "ती राहिलीच की."

"काय?"

"प्रार्थना."

मी इकडेतिकडे बघितलं. शेजारी एक बाई मोबाईलवर भाजीची यादी सांगत होती. मी डोळे मिटले. स्तुतीचं वाक्य आपोआप ओठांवर आलं, तयारच असतं ते, मी ते गिळलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग मी म्हणालो, "देवा, हे इथं बसलेत. मी फार दमलोय. मला यांच्याशी बोलता येत नाही. यांना इतक्यात नेऊ नकोस." पुढे काही सुचेना. आवाहन नाही, शेवट नाही. मी डोळे उघडले.

बाबा माझ्याकडे बघत होते. "झालं?"

"झालं बहुतेक."

त्यांनी स्वेटरचं बटण लावलं. "परत कर," ते म्हणाले. "मी डोळे मिटले नव्हते."

आणि त्यांनी डोळे मिटले.